मेलांगेलच्या दरीत

वेल्सच्या पोविस परगण्यात, बेर्विन डोंगररांगेच्या दक्षिण कुशीत तानात नावाची छोटीशी नदी उगम पावते. तिच्या उगमाकडच्या दरीत पेनांट मेलांगेल आहे. एक चर्च, दोन-चार घरं, मेंढ्यांची कुरणं आणि पुढे संपलेला रस्ता, एवढाच या गावाचा पसारा. पण बाराव्या शतकात दगडात घडवलेली संत मेलांगेलची समाधी इथे आहे. रोमनेस्क, म्हणजे अर्धगोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतली इतकी जुनी समाधी उत्तर युरोपात दुसरी उरलेली नाही असं जाणकार मानतात. ती फोडली गेली, तिचे दगड शतकानुशतकं भिंतींत चिणलेले राहिले आणि त्याच दगडांतून ती पुन्हा उभी राहिली, ही हकीकत वाचल्यापासून मला तिथे जायचं होतं. लेक बर्मिंगहॅमला असते. मे अखेरीस तिला जोडून सुटी मिळाली आणि आम्ही दोघं तिच्याबरोबर तिच्या गाडीतून निघालो.

शुक्रवार

दुपारच्या जेवणाला श्रूजबरीत थांबलो. सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेलं, काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांचं हे सुरेख बाजारगाव आहे. मधल्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे, १८६० साली बसवलेला. प्लासीचा क्लाइव्ह या गावाचा खासदार होता, महापौरही होता. त्या पुतळ्याखाली बसून सँडविच खाणं मला जमलं नाही. आम्ही नदीकाठी गेलो.

ऑस्वेस्ट्रीनंतर मुख्य रस्ता सोडला आणि डोंगर जवळ येऊ लागले. रस्त्यावरच्या सूचना आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत दिसू लागल्या की हद्द ओलांडली असं समजायचं. गावागावांतून ताशी २० मैलांची मर्यादा आहे. २०२३ पासून वेल्समधल्या वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर ती लागू झाली. लेकीला ती जाचत होती, मला मात्र त्यामुळे कुंपणावरचा हॉथॉर्नचा पांढरा बहर नीट पाहता आला.

मुक्काम लानगनॉगला होता. तानात आणि एर्थ या दोन नद्या इथे मिळतात. स्लेटच्या छपरांची घरं, एक पूल, आणि डोक्यावर क्रेग रिवार्थचा उभा कडा. कड्यावर लोहयुगातल्या डोंगरी किल्ल्याचे अवशेष आहेत. आज इतकं निवांत वाटणारं हे गाव एकेकाळी खाणकामगारांनी गजबजलेलं होतं. १६९२ मध्ये इथे शिशाची फार मोठी शीर सापडली आणि पोविस किल्ल्याच्या सरदार घराण्याने त्यावर अमाप पैसा मिळवला. क्लाइव्हचं नाव इथेही सुटलं नाही. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये याच घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं आणि पुढे ती सगळी जहागीर क्लाइव्ह घराण्याकडे गेली. टिपू सुलतानाचा तंबू आज पोविसच्या किल्ल्यात आहे तो त्यामुळेच. शिशानंतर स्लेटच्या खाणी चालल्या. १९०४ मध्ये या दरीत छोटी रेल्वेही आली, पण १९५१ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. आता मेंढ्या आहेत आणि आमच्यासारखे येणारे-जाणारे आहेत.

रात्री लीकचं गरम सूप आणि ब्रेड खाल्ला. साडेनऊपर्यंत उजेड होता. घरमालकीणबाईंनी सांगितलं, "चर्चला चालत जा. गाडीने गेलात तर दरी दिसणार नाही." आम्ही त्यांचं ऐकलं, आणि फार बरं केलं.

शनिवार

लानगनॉगहून पेनांट मेलांगेल दोन मैलांहून थोडं पुढे. रस्ता एका गाडीपुरताच. दोन्हीकडे उंच कुंपणं. अधूनमधून फाटकांतून हिरवी कुरणं दिसायची आणि कोकरं आईला ढुशा देत असायची. एक ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही तिघं कुंपणाला चिकटून उभे राहिलो. चालवणाऱ्याने हात वर करून आभार मानले. जसजसं पुढे जावं तसतसे डोंगर जवळ सरकत होते आणि दरीच्या टोकाशी, ब्लाएन-अ-कुमच्या बाजूला, कड्यावरून उतरणारी पाण्याची पांढरी रेघ दिसू लागली. मग डाव्या-उजव्या वळणांनंतर एकदम चर्च समोर आलं. लाकडी टोपी घातलेला बुटका मनोरा, जाड दगडी भिंती, आणि भोवती यू नावाचे सदाहरित वृक्ष.

आधी त्या वृक्षांविषयी सांगते. दफनभूमी जवळजवळ गोल आहे. वेल्समध्ये अशा गोल आवारांना जाणकार फार जुनं मानतात. इथल्या उत्खननात तर ख्रिस्तपूर्व काळातल्या, कांस्ययुगातल्या दहनाच्या खुणाही मिळाल्या आहेत. म्हणजे चर्च नव्हतं, संत मेलांगेल नव्हती, तेव्हाही माणसं आपले मृत इथे आणत होती. कडेच्या यू वृक्षांपैकी काहींचं वय दोन हजार वर्षांच्या घरात असावं असा अंदाज आहे. खोडं पोकळ झाली आहेत, इतकी की आत माणूस उभा राहू शकतो, पण वरचा पाला गर्द आणि जिवंत आहे. मी एका खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. साल कोरडी, तांबूस, सुटत आलेल्या पापुद्र्यांची होती.

आता गोष्ट. मेलांगेल ही आयर्लंडची राजकन्या. वडिलांनी ठरवलेलं लग्न तिला नको होतं, म्हणून ती समुद्र ओलांडून इथे आली आणि या दरीत एकटी राहून उपासना करू लागली. कित्येक वर्षांनी, परंपरेप्रमाणे ६०४ साली, पोविसचा राजा ब्रॉखवेल शिकारीला आला. त्याच्या कुत्र्यांनी एका सशाचा पाठलाग केला. ससा काटेरी झुडपांत शिरला, आणि राजाने पाहिलं की तिथे एक तरुणी प्रार्थनेत मग्न आहे आणि ससा तिच्या वस्त्राच्या घोळाखालून तोंड बाहेर काढून निर्धास्त बसला आहे. राजाने कुत्र्यांना चेव दिला, ते मागे हटले आणि केकाटत पळाले. शिकाऱ्याने शिंग वाजवायला ओठांशी नेलं, ते ओठांनाच चिकटलं. राजा खाली उतरला, तिची हकीकत ऐकली आणि ही सगळी दरी तिला देऊन टाकली. इथे जो आश्रयाला येईल, माणूस असो की जनावर, त्याला अभय. मेलांगेलने इथे स्त्रियांचा मठ चालवला आणि अखेरपर्यंत इथेच राहिली.

दरीतल्या लोकांनी ही गोष्ट नुसती सांगितली नाही, पाळली. सशांना इथे मेलांगेलची कोकरं म्हणत आणि या परिसरात सतराव्या शतकापर्यंत कुणी ससा मारत नसे. अठराव्या शतकातला प्रवासी थॉमस पेनंट याने इथली एक समजूत नोंदवून ठेवली आहे. कुत्रे सशामागे लागलेले दिसले आणि कुणी मोठ्याने म्हटलं की देव आणि मेलांगेल तुझ्यासोबत असोत, तर तो ससा हमखास सुटतो.

आत शिरलो. दार उघडंच असतं. पहिली नजर लाकडी पडद्यावर गेली, म्हणजे लोकांची बसायची जागा आणि वेदीची जागा यांच्यामधल्या कोरीव आडोशावर. पंधराव्या शतकातलं हे काम. वरच्या पट्टीवर कोरीव वेलबुट्टीत अख्खी गोष्ट आहे: गुडघ्यावर बसलेला शिकारी, तोंडाशी शिंग, मध्ये हातात दंड घेतलेली मेलांगेल, तिच्याकडे धावणारा ससा आणि मागे कुत्रे. आकृत्या बोटभर उंचीच्या, लाकूड काळपट. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही आणि एकदा दिसल्यावर नजर हटत नाही. वाचता न येणाऱ्या कुणब्या-गुराख्यांसाठी ती कोरली होती हे उघड आहे. त्या पट्टीसमोर मान वर करून मी लेकीला एकेक आकृती दाखवत गेले, आणि गोष्ट सांगण्याची ही रीत अजून चालते हे कळलं.

पडद्यापलीकडे समाधी. चार बाजूंनी नक्षीदार खांब, त्यांवर कमानी, आणि त्यावर उतरत्या छपरासारखा दगडी पेटारा. यात्रेकरू कमानींखाली वाकून, अवशेषांच्या शक्य तितकं जवळ जाऊन प्रार्थना करत. नक्षी पानाफुलांची, थोडी जाडसर, भरपूर हौसेने केलेली आहे. जिथे मूळ दगड मिळाला नाही तिथे साधा भाग भरून घेतला आहे, त्यामुळे जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे सरळ दिसतं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. झीज झाकून गुळगुळीत केलेल्या मूर्ती आपण पाहतो, तसं इथे केलेलं नाही.

सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या राजवटीत धर्मसुधारणेची लाट आली. संतांच्या समाध्या म्हणजे अंधश्रद्धा ठरल्या आणि देशभर त्या फोडल्या गेल्या. कँटरबरीसारख्या श्रीमंत ठिकाणी काही मागे राहिलं नाही. इथे मात्र दगड वाया गेले नाहीत. ते चर्चच्या भिंतींत आणि आवाराच्या छपरी दरवाज्यात बसवले गेले. कुणी मुद्दाम जपून ठेवले की फुकट मिळालेला दगड म्हणून वापरले, याचा लेखी पुरावा नाही. पण नक्षीचा भाग कित्येक जागी बाहेरून दिसेल असा बसवला होता, आणि दुरुस्तीच्या नावाने ते करणारा माणूस आपण काय हाताळतो आहोत हे जाणत नसेल, असं मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे सुटे तुकडे एकाच वास्तूचे आहेत. १९५८ मध्ये ते भिंतींतून काढून समाधी पहिल्यांदा जुळवली. तरी चर्च मोडकळीला येतच होतं. १९८० च्या दशकात ते कायमचं बंद होणार अशी वेळ आली होती. तेव्हा इथल्या धर्मगुरू दांपत्याने आणि गावकऱ्यांनी जीर्णोद्धार हाती घेतला. वेदीमागचा अर्धवर्तुळाकार भाग कधीच पाडला गेला होता, त्याचा बाराव्या शतकातला पाया जमिनीखाली सापडला आणि त्याच पायावर तो पुन्हा बांधला. मेलांगेलची कबर मानतात ती शिळा तिथेच आहे. समाधीही तेव्हा नव्याने जुळवून आज आहे त्या जागी उभी केली.

समाधीच्या कमानींत चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. लोक आजाऱ्याचं, गेलेल्याचं, हरवलेल्याचं नाव लिहून ठेवतात. जीर्णोद्धारानंतर इथे कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देण्याचं काम सुरू झालं आणि आजही दुःखात असलेले लोक मुद्दाम येतात. मी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. एक लिहिली. माझ्या मोठ्या बहिणीचं नाव मराठीत लिहिलं आणि ठेवलं. ह्यांनी विचारलं, "इथे चालेल का आपलं?" झाडलोट करायला आलेल्या एक वयस्क बाई मागेच होत्या. त्यांना प्रश्न भाषेवाचून समजला असावा. त्या म्हणाल्या, "मेलांगेल स्वतः परदेशातून आलेली होती."

भिंतीवर एक मोठं हाडही टांगलेलं आहे, सुमारे चार फुटांचं. राक्षसिणीची बरगडी म्हणून ते पूर्वी दाखवत. ते देवमाशाचं हाड आहे. समुद्रापासून इतक्या आत ते कसं आलं असेल यावर लेक परतीच्या वाटेवर तर्क लढवत राहिली. पलीकडे दोन जुन्या दगडी मूर्ती निजलेल्या आहेत, एक स्त्री आणि एक पुरुष. पुरुषाची मूर्ती थोरल्या लेवेलिन राजाच्या वडिलांची, योर्वर्थची, असं परंपरा सांगते.

दुपारी गाडी घेऊन हिर्नांटच्या खिंडीतून लानउद्दिनला गेलो. इथे लिव्हरपूल शहरासाठी १८८० च्या दशकात व्हिर्नवी धरण बांधलं, ब्रिटनमधलं दगडी बांधकामाचं पहिलं मोठं धरण. खाली जुनं लानउद्दिन गाव बुडालं: घरं, चर्च, चॅपलं, सगळं. बदल्यात वर नवं गाव आणि नवं चर्च बांधून दिलं. जलाशय देखणा आहे आणि पर्यटकांची गर्दी आहे. कोयनेच्या बाजूची माणसं ओळखीची असल्याने मला त्या पाण्याचे फोटो काढावेसे वाटले नाहीत. आम्ही पुढे निघालो.

लानविहांगेलच्या चर्चच्या आवारात ॲन ग्रिफिथ्सचं स्मारक आहे. १७७६ साली जवळच्या डोलवार वाख या शेतघरात ती जन्मली. तरुणपणी नाचगाण्यांत रमणारी ही मुलगी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथात आली, आणि डोंगर ओलांडून वीस मैलांहून दूर असलेल्या बाला या गावी भजन-प्रार्थनेसाठी पायी जाऊ लागली. शेतावर काम करता करता तिला कडवी सुचत. १८०५ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली, तेव्हा तिचं वय होतं २९. स्वतःच्या हातचं एकच कडवं मागे राहिलं, एका पत्रातलं. बाकीची सत्तरहून अधिक कडवी वाचली ती घरच्या मोलकरणीमुळे. रुथ इव्हान्सला लिहिता येत नव्हतं. तिने ती ऐकून पाठ केली होती. तिचा नवरा जॉन ह्यूज याने ती तिच्या तोंडून उतरवून घेतली आणि १८०६ मध्ये ती छापली गेली. आज वेल्श भाषेतल्या श्रेष्ठ भक्तिकाव्यात त्यांची गणना होते. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतल्या नसत्या तर, हा विचार त्या स्तंभासमोर कोणत्याही मराठी माणसाच्या मनात येईलच. मला रुथचं नाव अधिक महत्त्वाचं वाटलं. तिचंही स्मारक त्याच आवारात हवं होतं.

रविवार

लानगनॉग सोडून तासाभरात लानरायाडर-अम-मोखनांटला पोचलो. हे गाव मोठं, दुकानं असलेलं, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. पूर्वी ही नदीच दोन परगण्यांची हद्द होती आणि गाव दोहोंत विभागलेलं होतं. इथलं सेंट डॉगव्हान चर्च पाहिल्याशिवाय परत जायचं नाही असं मी घरूनच ठरवलं होतं.

विल्यम मॉर्गन १५७८ मध्ये इथे पाळक म्हणून आला. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या कोर्टकचेऱ्यांची भाषा इंग्रजी झाली होती. दरबारात, व्यवहारात वेल्शला जागा उरली नव्हती. मात्र १५६३ च्या एका कायद्याने वेल्शमध्ये बायबल आणण्याची परवानगी दिली होती, नव्हे, जबाबदारीच टाकली होती. विल्यम सेल्सबरीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५६७ मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला. जुना करार राहिला होता आणि तो मॉर्गनने या खेड्यातल्या पाळकाच्या घरात बसून मूळ हिब्रूवरून केला. गावात त्याचं काही घराण्यांशी इतकं हाडवैर होतं की तो झग्याखाली पिस्तूल बाळगतो अशी तक्रार झाली. हे काम शांत खोलीत, शांत मनाने झालेलं नाही. छपाई लंडनला होती आणि तिथल्या छापणाऱ्यांना वेल्शचं अक्षरही येत नव्हतं. म्हणून मॉर्गन वर्षभर लंडनला राहिला, वेस्टमिन्स्टरचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू, गॅब्रिएल गुडमन याच्याकडे, आणि प्रुफं तपासत बसला. गुडमनही वेल्सचाच, रुथिनचा. १५८८ मध्ये अख्खं वेल्श बायबल बाहेर आलं. पुढे प्रत्येक रविवारी, प्रत्येक चर्चमध्ये, लोकांना घरची भाषा उत्तम रूपात ऐकायला मिळू लागली.

योगायोग असा की मॉर्गन इथे आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचा सदस्य, गोव्यात उतरला. त्याने मराठी शिकून ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. दोघेही पाळक, दोघांनाही छापखान्याची अडचण. स्टीफन्सला नागरी खिळे मिळाले नाहीत, मराठी रोमन अक्षरांत छापावी लागली. मॉर्गनला अक्षरं मिळाली, पण ती जुळवणाऱ्याला भाषा कळत नव्हती.

चर्चमध्ये नवव्या-दहाव्या शतकातली क्रूस कोरलेली एक शिळाही आहे. तिच्यापाशी मी रेंगाळले, पण मन मॉर्गनच्याच कामात होतं. व्यासपीठासमोरच्या बाकावर बसून आम्ही एकेकाने त्या प्रुफांचा विचार केला असावा, कारण लेक एकदम म्हणाली, "आई, एवढं सगळं हाताने लिहिलं असेल त्यांनी."

तिथून चार मैलांवर पिस्टिल रायाडर. ७३ मीटरचा धबधबा, मध्ये खडकाची नैसर्गिक कमान, आणि वेल्सच्या सात आश्चर्यांत गणना. पाऊस नुकताच झाला होता, पाणी भरपूर होतं. पायथ्याच्या चहाघरात बाराब्रिथ खाल्ला, चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा तो पाव. लोणी लावून फार छान लागतो.

कुणी जाणार असाल तर: पेनांटपर्यंत बस नाही, गाडी लानगनॉगला ठेवून चाला, पाऊस धरून बूट घाला. मेलांगेलचा दिवस २७ मे आहे. चर्चमधल्या पेटीत पैसे टाका, कारण छप्पर त्यावर टिकून आहे. आणि एकच दिवस हाती असेल तर धबधबा सोडा, सकाळी लवकर पेनांटला पोचा आणि पडद्यावरची गोष्ट दिसेपर्यंत तिथून हलू नका.